पुसलेला डी ड्राइव्ह

माझ्या एम.फिल.च्या प्रबंधिकेत ऋणनिर्देशाची दोन पानं आहेत. मार्गदर्शक, ग्रंथपाल, ओव्या सांगणाऱ्या बायका, घरचे, अगदी बाइंडिंगवाल्यापर्यंत सगळे त्यात आले. लॅबमधले काका तेवढे राहिले.

काका आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचे अटेंडंट. काम धूळ पुसायचं आणि रजिस्टरवर सह्या घ्यायचं. माझ्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी उबुंटू लिनक्स त्यांनीच टाकून दिलं होतं. उबुंटूच्या सीड्या काही वर्षं टपालाने फुकट यायच्या, त्यांची चळत काकांच्या खणात असे. मराठीच्या मुलीला लिनक्स कशाला, असं लोक विचारत. कारण साधं होतं. जुन्या फॉन्टात टाइप केलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसता चिन्हांचा खच दिसे. उबुंटूत युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड आयतं मिळालं. तीनशेच्या वर ओव्या मी तिथेच उतरवल्या. बॅकअपचं विचारू नका.

२०१२चा मे महिना. प्रबंधिका द्यायला चार दिवस उरले होते आणि विंडोजमध्ये जागा पुरेना, म्हणून मी रिकामा डी ड्राइव्ह डिलीट केला. पुन्हा सुरू केलं तर काळा पडदा. वर ‘अननोन फाइलसिस्टिम’, खाली ‘ग्रब रेस्क्यू’ आणि लुकलुकणारी रेघ. विंडोज नाही, उबुंटू नाही. स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याने बघूनच सांगितलं, “मॅडम, फॉरमॅट मारावं लागेल. डेटाची गॅरंटी नाही.”

रडतच लॅबमध्ये गेले. सुट्टीमुळे काका एकटेच होते. “दुकानवाल्याला हात लावू दिला नाहीस ना?” एवढं विचारून ते खुर्ची ओढून माझ्या मागे बसले. शेवटपर्यंत त्यांनी कीबोर्डला बोट लावलं नाही. “ओव्या कुठं जात नाहीत गं. पत्ता बदललाय. टाइप कर तू.”

एल, एस, एंटर. कंसात नावं उमटली : एमएसडॉस सहा, पाच, दोन, एक. एकेकाचं दार वाजवायचं होतं. सहाने उत्तर दिलं, अननोन फाइलसिस्टिम. दोननेही तेच. पाचला विचारलं आणि होम, बूट, लॉस्ट प्लस फाउंड अशी फोल्डरांची नावं ओळीने आली. मी केवढ्याने ओरडले!

झालं होतं असं : डिस्कच्या भागांत, म्हणजे पार्टिशनांत, डी ड्राइव्ह पाचवा, उबुंटू सहावं, त्याचं स्वॅप सातवं. पाचवा पुसल्यावर मागची पार्टिशनं एकेक घर पुढे सरकली. विंडोज की उबुंटू हे सुरुवातीला विचारणारं ग्रब बसतं डिस्कच्या सुरुवातीच्या चिंचोळ्या जागेत. पहिल्या सेक्टरात त्याला मिळतात जेमतेम ४४६ बाइट. बाकीचा संसार उबुंटूच्या बूट फोल्डरात, आणि तिथला पत्ता त्याने पाठ केलेला. ते बिचारं सहाव्या दाराशीच उभं राहिलं, आणि आत आता फाइली नसलेलं स्वॅप होतं. काकांनी हे फळ्यावर घरं काढून समजावलं.

मग ‘सेट प्रीफिक्स’ करून नवा पत्ता दिला, ‘इनस्मॉड नॉर्मल’, ‘नॉर्मल’, आणि ओळखीचा मेनू आला. पण हे तात्पुरतं. उबुंटू उघडल्यावर काकांनी जुन्या हजेरीपत्रकाच्या पाठीवर दोन ओळी लिहून दिल्या : ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब. पहिल्या ओळीखाली लिहिलं, “एसडीएपुढं आकडा लावू नये,” आणि त्याला दोन रेघा मारल्या. एसडीए म्हणजे अख्खी डिस्क; आकडा लावला की ग्रब पार्टिशनात जायला बघतं, डिस्कच्या सुरुवातीला नाही. नवशिके हमखास तिथेच चुकतात.

मी पर्स उघडली तर म्हणाले, “पैसे राहू देत. आधी पेनड्राइव्ह घेऊन ये.”

आताच्या लॅपटॉपवर यूईएफआय असतं, ग्रब एका छोट्या फॅट पार्टिशनातली फाइल होऊन बसलंय. तरी माझ्याकडे विद्यार्थी तसेच रडवेले येतात. मी मागे बसते. बोटं शिवशिवतात, म्हणून हात मांडीखाली घेते.

ऋणनिर्देश मी सगळ्यात आधी लिहून ठेवला होता, काका राहिले त्याचं हे कारण बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण छापण्याआधी तो मी पुन्हा वाचला होता. अटेंडंटचं नाव तिथे घालायचं असतं, हे तेव्हा सुचलंच नाही.

घरच्या प्रतीत दुसऱ्या पानाच्या तळाशी ते नाव मी पेनाने लिहिलंय. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या प्रतीत नाही.