माझ्या जेवणाची वेळ

शाळेत झालेल्या आरोग्य तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर 148 आली. पाठोपाठ केलेली एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी, 7.8 टक्के. 6.5 आणि त्यावर मधुमेह. मी गणिताची शिक्षिका, वय 46, अंगाने सडपातळ, गोडाची फारशी आवड नाही. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो हाच, की मला कसा झाला?

त्यांनी टेप घेऊन कंबर मोजायला लावली. 86 सेंटीमीटर. भारतीय बायकांसाठी मर्यादा 80 ची. मग त्यांनी आमच्या पुण्यातल्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण दिलं. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या 21.2 टक्के. आपल्याकडे दिसायला बारीक असलेल्या माणसातही स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त असू शकते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात स्नायू उचलतात. तेच कमी असले आणि इन्सुलिनला दाद देईनासे झाले, की साखर रक्तातच राहते. हे ऐकून मला धीर आला. आजाराला कारण होतं आणि त्या कारणावर काम करता येणार होतं.

डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची गोळी सुरू केली, आहारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि ग्लुकोमीटर घ्यायला सांगितलं. जेवायच्या आधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी मोजायचं, आकडा वहीत टिपायचा आणि शेजारी काय खाल्लं ते लिहायचं. कारल्याचा रस, भिजवलेली मेथी, जांभळाच्या बियांची पूड असे सल्ले रोज येत होते. पण वहीने जे दाखवलं ते त्यांतल्या कुणीच सांगितलं नव्हतं. बशीभर पोह्यांनंतर 214. मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि त्याबरोबर थोडेच पोहे, तर 158. साबुदाण्याच्या खिचडीनंतर 247, कारण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. ज्वारीची भाकरी चालते म्हणतात, पण दोन भाकऱ्या आणि पातळ आमटी जेवल्यावर आकडा पोळीइतकाच चढला. एक भाकरी, मेथीची भाजी आणि घट्ट पिठलं जेवले तेव्हा तो आटोक्यात राहिला. आधी कोशिंबीर आणि उसळ, शेवटी भात, एवढा क्रम बदलला तरी तेवढ्याच भाताने साखर कमी चढते, हेही मी स्वतः मोजून पाहिलं.

वहीत वेळेचाही रकाना होता. संध्याकाळी चहाबरोबर खारी नाहीतर चिवडा. मग स्वयंपाक, सगळ्यांची पानं, तव्यावरच्या गरम पोळ्या, आणि मी जेवायला बसायचे दहाच्या सुमाराला. तोवर उसळ संपलेली, भाजी तळाला गेलेली. उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तो माझ्या ताटात, आणि जेवून लगेच झोप. या रात्रींनंतरचे सकाळचे आकडे सगळ्यांत चढे होते.

ती वही मी घरात सगळ्यांसमोर ठेवली. सासूबाईंनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. म्हणाल्या, “उद्यापासून तू साडेसातला आमच्याबरोबर बसायचंस. पोळ्या आधी करून डब्यात ठेवू. गरम नसल्या म्हणून काही बिघडत नाही.” कडधान्य भिजत घालून मोड आणणं त्यांनी आपल्याकडे घेतलं. नवरा आणि मुलगा जेवणानंतर ओटा आवरू लागले. एकादशीला आता साबुदाण्याऐवजी दाण्याची आमटी, काकडी आणि थोडीशी भगर असते.

ओटा आवरायचं काम गेल्यामुळे जेवणानंतरची पंधरा-वीस मिनिटं माझी झाली. तेवढा वेळ मी सोसायटीत चालते. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरचं चालणं फार उपयोगाचं. पण नुसत्या चालण्याने स्नायूंची ताकद पुरेशी वाढत नाही. त्यासाठी आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड, रबरी पट्टा ओढणं. सुरुवातीला मांड्या भरून यायच्या. आता बाजाराच्या पिशव्या घेऊन तिसरा मजला चढताना दम लागत नाही.

पुढच्या तपासणीत एचबीएवनसी 6.9 आली, त्यानंतर 6.2. कंबर 81 वर आली. डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला, गोळी बंद केलेली नाही, आणि त्याचं मला ओझं वाटत नाही. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पावलं यांची तपासणी दर वर्षी करायचीच आहे. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये. साखर एकदम खाली जाऊ शकते.

आहार आणि व्यायाम हेच मधुमेहाचं औषध, असं सगळे सांगतात. औषध आहे तर त्याची वेळ पाळायला हवी, आणि घरातल्या बाईला ती वेळ घराने मिळून द्यावी लागते. मला ती मिळाली म्हणून माझे आकडे उतरले. तुमच्या घरात जी सगळ्यांत शेवटी जेवते, तिची साखर एकदा तपासून घ्या. तपासणीचा निकाल काहीही येवो, आज रात्रीपासून तिला तुमच्याबरोबर जेवायला बसवा.