डॅश नावाची फाईल

तिसऱ्या वर्षाला सायबर सुरक्षा शिकवायला घेतली की पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून विचारणा होते, ‘सर, वाय-फायचा पासवर्ड तोडायला शिकवणार ना?’ कोल्हापूरजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात हे दरवर्षीचं आहे. विचारणारा तेवढा बदलतो. मी त्यालाच उभं करून माहिती तंत्रज्ञान कायद्यातली ४३ आणि ६६ ही कलमं मोठ्यानं वाचायला लावतो. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, इथवर येईतो त्याचा आवाज बराच खाली आलेला असतो.

मग फळ्यावर कॉसमॉस बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या या सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बरेचसे नकली कार्डांनी, काही तासांत, २८ देशांतल्या एटीएममधून. जवळपास १४ कोटी दोन दिवसांनी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेमार्फत हाँगकाँगला. भारतात ज्या शहरांतून रोकड काढली गेली त्यांत कोल्हापूरही होतं. हे सांगितलं की मोबाइल खाली ठेवले जातात. ‘काय सांगताय सर? आपल्या कोल्हापुरातनं?’

एटीएममधून निघालेली मागणी बँकेच्या स्विचकडे जाते, स्विच मूळ प्रणालीला विचारतो, खात्यात पैसे आहेत का, आणि उत्तर परत मशीनकडे येतं. चोरांनी मधेच आपला बनावट स्विच बसवला. तो मूळ प्रणालीला काही विचारतच नव्हता, येईल त्या मागणीला परस्पर ‘हो’ म्हणत होता. ‘म्हणजे खात्यात काही नसलं तरी?’ ‘तरी.’ एवढ्यावर अर्धा तास जातो आणि मी तो जाऊ देतो, कारण शेवटी कुणीतरी विचारतंच: ‘इतके व्यवहार होत होते, तर कुणाला दिसलं कसं नाही?’ माझा विषय खरा इथून सुरू होतो. पाठ्यपुस्तकात तो एन्क्रिप्शनच्या व्याख्येपासून सुरू होतो, तो भाग वेगळा.

लॅबमध्ये मी ‘ओव्हर द वायर’वरचा ‘बँडिट’ हा फुकटचा खेळ लावतो. दर पायरीवर पुढच्या पायरीचा पासवर्ड लपवलेला असतो. सुरुवातीलाच एका फाईलचं नाव नुसतं डॅश आहे. नेहमीसारखी ‘कॅट’ कमांड देऊन पुढं डॅश लिहिला की संगणक ढिम्म बसून राहतो. पोरं म्हणतात, सर, मशीन हँग झालं. हँग काही झालेलं नसतं. त्या डॅशचा अर्थ ‘कीबोर्डवरून घे’ असा लावून ते यांच्या टायपिंगची वाट बघत असतं. नावाआधी डॉट आणि स्लॅश लावला की फाईल उघडते. एका वर्षी वर्गातल्या टॉपर मुलांच्या आधी हे डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या एका मुलीनं सोडवलं. कसं, विचारलं तर म्हणाली, ‘मॅन्युअल वाचलं, सर.’ या धंद्यात हुशारीपेक्षा हा चिवटपणा जास्त लागतो असं माझं मत आहे, आणि गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही.

हीच मुलं मी जवळपासच्या हायस्कुलांत आठवी-नववीला शिकवायला नेतो. पीपीटी छान असते, पण शाळेतला प्रोजेक्टर बहुधा बंद असतो, आणि ते बरंच होतं. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो, हे सांगून झालं की हात वर होतात. ‘लाईट रात्री साडेनऊला तोडणार असा मेसेज आजीला आलाय, तो खोटा का?’ ‘फसवलं तर पोलीस स्टेशनला जायचं की १९३० ला फोन करायचा?’ आधी फोन, लगेच, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात. एकदा एका मुलीनं विचारलं, ‘पण त्यांच्याकडं आजीचा नंबर आला कुठनं?’ तोंडी परीक्षेत आरएसए ही एन्क्रिप्शनची पद्धत धडाधड सांगणारा माझा विद्यार्थी गप्प झाला. परतीच्या एसटीत मात्र तो स्वतःहून डेटा कुठून आणि कसा फुटतो यावर बोलत राहिला. वर्गात हाच विषय मी कधीच शिकवला होता.

इथून पास होऊन पुण्याला गेलेल्या काही जणांना सॉकमध्ये, म्हणजे संगणकांवर चोवीस तास पहारा देणाऱ्या खोलीत, काम मिळालं आहे. सिनेमातला हिरवा पडदा तिथं नसतो. रात्रपाळीत एकामागून एक अलर्ट येतात. बहुतेक खोटे, कुणीतरी सुट्टीवरून येऊन पासवर्ड विसरल्याचे. पण प्रत्येक उघडून बघायचा आणि बंद केला तर का केला ते लिहायचं. त्यातला एक जण फोनवर म्हणाला, ‘सर, लॉग, म्हणजे संगणकानं ठेवलेल्या नोंदी, कळतात, पण रिपोर्ट लिहिताना घाम फुटतो.’ मुलींच्या बाबतीत अडचण त्याच्या आधीच उभी असते. रात्रपाळी म्हटलं की घरून पहिला शब्द ‘नको’. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडियानं (डीएससीआय) इंजिनिअर मुलींसाठी ‘सायबरशिक्षा’ सुरू केलं, तसं प्रशिक्षण हवंच. पण पहाटे घरी सोडणाऱ्या गाडीची हमी मिळाली तर काही वडील तयार होतात, हे मी समोर बसून पाहिलं आहे.

रिपोर्टबद्दलच्या त्या फोननंतर मी जर्नलमधले उतारे उतरवणं कमी केलं. त्याऐवजी प्रत्येकाला लॉगची एक फाईल देतो आणि एक पान लिहायला सांगतो: काय दिसलं, केव्हा, कशावरून वाटलं, आता काय करावं. पहिली पानं वाचवत नाहीत. ‘हॅकरने सिस्टीम हॅक केली’ असं एकच वाक्य, खाली रंगीत स्क्रीनशॉट. तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत वेळा येऊ लागतात, ‘खात्री नाही’ असं लिहिण्याची हिंमत येते. शंभर लॉगिन अपयशी झाले, मग एक यशस्वी झालं. त्या एका यशाबद्दल कुणी लिहिलं की मी पूर्ण गुण देतो.

गेल्या सत्रात तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी ही पानं चाळली. दोन-तीन वाचलीही, एका मुलीला वेळांबद्दल नीट प्रश्न विचारला. मग गठ्ठा माझ्याकडे सरकवत म्हणाले, ‘चांगलं आहे, पण जर्नलला इंडेक्स नाही.’ मुलांनी संध्याकाळपर्यंत इंडेक्स लावून दिले.