घरातील लहानसा जलप्रलय

मनूची मत्स्यकथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. शतपथ ब्राह्मणात ती अशी येते की, प्रातःकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात मनूला एक इवलासा मासा सापडला. त्याने संरक्षणाची याचना केली, म्हणून मनूने त्यास प्रथम घटात, घट पुरेना तेव्हा खड्ड्यात आणि अखेर समुद्रात ठेवले. पुढे त्या माशाने सांगितलेला जलप्रलय आला, तेव्हा मनूची नौकाही त्यानेच तारली. हल्लीच्या घरांतून काचेच्या पेटीत पोहणारे सोनेरी मासे मात्र कसलीही पूर्वसूचना देत नाहीत. प्रलय झाला तर तो आपला आपणच ओळखावा लागतो.

ही काचपेटी दिसण्यात नाजूक असली, तरी तिचा भार सामान्य नव्हे. 90 सेंटिमीटर लांब, 30 रुंद व 45 उंच अशा पेटीचे घनफळ साडेएकशे एकवीस लिटर होते. लिटरभर पाण्याचे वजन एक किलो हा हिशेब शाळेतील मुलालाही येतो. काच, वाळू व दगड मिळविले की भाताच्या भरल्या पोत्याहून अधिक वजन चार लाकडी पायांवर अहोरात्र उभे असते. आणि फरशीच्या एका चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी साचण्यास दहाच लिटर पुरतात! म्हणजे अर्धी पेटी रिकामी झाली तरी माजघर जलमय होण्यास काही कमी पडत नाही.

आमच्या घरी गेल्या आषाढात असेच घडले. कर्जत-खालापूरच्या बाजूस पावसाने जोर धरला म्हणजे वीज जाणे हे नवल नव्हे. त्या रात्रीही ती गेली. पहाटे वडील वहिनी देवाजवळ दिवा लावण्यासाठी उठल्या आणि माजघरातील ओल्या शहाबादी फरशीवर पाय घसरून पडल्या. त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. आवाजाने सारे घर जागे झाले. धाकट्या सूनबाईंनी प्रसंगावधान राखून प्रथम मेन स्विच बंद केला. पेटीतील पाणी निम्म्यावर आले होते. आदल्या सायंकाळी धाकट्या बंधूंच्या नऊ वर्षांच्या नातवाने माशांचे पाणी बदलले होते. तेव्हा पेटीस धक्का लावणारा तोच, असा निवाडा चहा होण्यापूर्वीच झाला. मुलगा शपथा घेऊन नाही म्हणत होता, पण वहिनींचा सुजलेला हात समोर असता त्याचे ऐकतो कोण?

शास्त्रकारांनी यालाच काकतालीय न्याय म्हटले आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याने फांदी तोडली असे ठरत नाही. मी ओल खाली वाकून पाहिली. पेटीचे सांधे कोरडे होते आणि ओघळ पेटीपासून निघालेला नसून खालच्या फळीवरील हवेच्या पंपापासून निघालेला होता. पंपाच्या डबीतून अजून थेंब गळत होते. मग उलगडा झाला. वीज असेपर्यंत पंप नळीतून हवा खाली ढकलीत असतो. तो थांबला की हवेचा दाब ओसरतो व पेटीतील पाणी नळीत चढते. पेटी काठोकाठ भरलेली असली, की ते पाणी काठ ओलांडून पलीकडे उतरते. आणि पलीकडचे टोक पाण्याच्या पातळीहून खाली असेल, तर नळीचे दुसरे तोंड उघडे पडेपर्यंत धार खंडत नाही. तेलाच्या डब्यातून नळीने तेल काढणारा दुकानदार हीच युक्ती रोज योजतो.

पाण्याचा हा स्वभाव आमच्या मुलखास अपरिचित नाही. घाटमाथ्यावरील वळवण, लोणावळा व शिरवटा येथील तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली सोडून खोपोलीस 1915 पासून वीज निर्माण केली जाते. उंचावरचे पाणी वाट मिळताच खाली धावते, या एकाच नियमाने तेथे चक्रे फिरली आणि आमच्या घरी मनगट मोडले.

नियम कळला की उपाय अवघड नाहीत. पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा. ते न साधल्यास नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. तो स्वस्त असतो. उलटा मात्र बसवू नये. विजेची तार प्लगकडे नेताना तिला खाली झोळ ठेवावा, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी प्लगात न शिरता झोळावरून जमिनीवर गळेल. पेटी ठेवण्यापूर्वी बैठक पाणसळीने तपासावी आणि भरलेली पेटी कदापि हलवू नये. फरशीवर पाणी दिसताच, वीज गेलेली असली तरी, कोरड्या जागी उभे राहून आधी मेन स्विच बंद करावा. गेलेली वीज न सांगता परत येते.

मोठ्यांच्या पेट्याही यातून सुटल्या नाहीत. जर्मनीतील बर्लिन शहरी एका हॉटेलात सुमारे 15 मीटर उंचीचे मत्स्यपात्र होते. 16 डिसेंबर 2022 रोजी पहाटे ते एकाएकी फुटले. दहा लाख लिटर पाणी रस्त्यावर लोटले आणि सुमारे दीड हजार माशांपैकी बहुतेक मेले. वेळ पहाटेची, म्हणून दोनच माणसे जखमी झाली.

आमच्या घरी पाणी दुपारपर्यंत पुसून झाले. नातवाचे मन कोरडे होण्यास मात्र अधिक वेळ लागला. मी घरातील सर्वांस बोलावून, पंप घंगाळाच्या काठाखाली धरून तोच प्रयोग करून दाखविला. क्षणभर कोणीच बोलले नाही. मग वहिनींनी प्लास्टर घातलेला हात सावरीत मुलास जवळ घेतले व म्हणाल्या, “अरे, तू नाही रे, पाण्याने पाडले मला.” पेटी विकून टाकावी हा ठरावही त्यांनीच मोडून काढला.

एकत्र कुटुंबात काही बिघडले की कोणाचा तरी हात त्यात शोधावा, ही आपली जुनी खोड आहे. आणि तो हात बहुधा घरातील सर्वांत लहान माणसाचा ठरतो. पाणी पुसण्यापूर्वी ते कोठून आले हे पाहावे, एवढे पथ्य पाळले तर पुष्कळ अश्रू वाचतील.