तो डबा फेकायचा नाही, ताई

प्रिय ताई,

परवा फोनवर किती सहज म्हणालीस गं, "तो नाताळच्या गोळ्यांचा जुना डबा फेकून दे, मी पुण्याहून नवा सेट पाठवते." तेव्हा मी काही बोलले नाही. मागे तुझी पोरं ओरडत होती, तुला घाई होती. आणि हे काही फोनवर दोन वाक्यांत सांगून होण्यासारखं नव्हतंच.

त्या डब्यात काय काय आहे, आठवतं तुला? बाबांनी नागपूरच्या सदरमधून आणलेले काचेचे गोळे. वरच्या लाल रंगाचे पोपडे निघालेत, हे खरं. पण त्यांची चांदी आतल्या बाजूने चढवलेली असते. वरचा रंग उडाला तरी ती तशीच राहते. असे गोळे पहिल्यांदा केले ते जर्मनीतल्या लाउशा नावाच्या गावातल्या काच फुंकणाऱ्यांनी, १९व्या शतकात. तिथून सदरच्या दुकानात आणि तिथून भंडाऱ्यात, आपल्या सुरूच्या फांदीवर! तू त्यातला सगळ्यात मोठा कायम स्वतःच टांगायचीस, मला हातसुद्धा लावू द्यायची नाहीस. तोच आता फेकायचा?

आणि ते चमकदार दोरा गुंडाळलेले थर्माकोलचे गोळे. दोरा सुटून त्यांचा नुसता गुंता झालाय. ते तर मुळीच फेकायचे नाहीत. २०१८ पासून आपल्या राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, ती उगाच नाही. थर्माकोल कुजत नाही. आज कचऱ्यात टाकला तर उद्या नाल्यात आणि पावसाळ्यात वैनगंगेत. त्यापेक्षा घरातच राहू दे ना, नवे कपडे घालून.

कपड्यांना काय तोटा? आईच्या मशीनखालची पिशवी मी जशीच्या तशी ठेवली आहे. झंपर शिवून झाला की उरलेली कतरन ती गिऱ्हाइकाला परत द्यायची. "राहू द्या बाई," म्हटलं तरच ती पिशवीत जायची. त्यात कोसा रेशमाचे तुकडे किती आहेत, तुला कल्पना नाही. मोहाडीचा आहे, आंधळगावचा आहे. ढीवर लोक ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवतात, पाखरांपासून, मुंग्यांपासून राखतात. मग कोष उकळायचे, बायांनी मांडीवर वळत धागा काढायचा, कोष्ट्याने मागावर विणायचा. एवढ्या हातांतून आलेला तुकडा दोन बोटांएवढा असला म्हणून चिंधी होतो का? आईला तो टाकवला नाही, मलाही टाकवत नाही.

कोसा कापला की दशा सुटतात. म्हणून तुकड्याच्या मागच्या बाजूला भाताच्या पेजेची पातळ खळ लावते, सावलीत वाळवते आणि मगच कापते. धानाच्या जिल्ह्यात राहून खळ विकत कशाला आणायची? थर्माकोलच्या गोळ्याचा जुना दोरा काढून टाकायचा, त्यावर पेन्सिलीने संत्र्याच्या फोडींसारख्या रेघा मारायच्या, ब्लेडने त्यांवर अर्धा सेंटिमीटर खोल खाच पाडायची. मग फोडीपेक्षा किंचित मोठं कापड ठेवून सुरीच्या बोथट पाठीने त्याची कड खाचेत खोचत जायची. टाका नाही, गोंद नाही. हे मला कोणी शिकवलं, ताई? संडे स्कूलच्या मुलांसाठी तूच करत होतीस ना? जपानात अशाच रीतीने बाहुल्या करतात, तिला किमेकोमी म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. १८व्या शतकात क्योतोच्या कामिगामो देवस्थानात उरलेल्या लाकडावर उरलेलं कापड खोचून पहिल्या बाहुल्या झाल्या, असं सांगतात. तुला तर कोणी सांगितलंही नव्हतं. तुझं तुलाच सुचलं होतं.

काचेच्या गोळ्याला मात्र ब्लेड लावायचं नाही. कापडाच्या पट्टीला एका कडेने धावदोरा घालायचा, ओढून चुण्या करायच्या आणि टोपीखाली, मानेशी बांधायच्या. खालची झालर मोकळी सोडायची, म्हणजे तिच्याखालून आतली चांदी दिसते. तडा गेलेले गोळे मी बाजूला काढलेत. मुलांच्या हाताला काच लागायला नको.

यंदाचा सगळ्यात देखणा गोळा सांगू? पिशवीच्या तळाशी करवत काठी साडीच्या काठाची एक पट्टी सापडली. अंग कोशाचं आणि काठ सुताचा, तीन धोटे चालवून विणलेली साडी असते ना, तिची. ती लाल पट्टी मी बदामी कोशाच्या गोळ्याला मधोमध कमरपट्ट्यासारखी बसवली, काठाचे दात वर करून, चार टाचण्यांवर. चर्चमधल्या एका आजींनी तो हातात घेतला, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हा आपल्याकडचा दिसतो." तुझ्या त्या सेटमधल्या एकाही गोळ्याला कोणी असं म्हणेल का, सांग बरं.

राग मानू नकोस. तू प्रेमानेच म्हणालीस, कळतं मला. मी एकटी इथे जुनंपानं सांभाळत बसते असं तुला वाटतं, त्याचं तुला वाईट वाटतं. पण मला हे ओझं वाटत नाही गं. नाताळच्या आधी एखाद्या संध्याकाळी करंज्यांचं सारण हलवता हलवता मधेच एक फोड खोचून यावी, यात मला खरंच सुख आहे.

तेव्हा सेट पाठवू नकोस. तुझ्या लग्नातल्या हिरव्या झंपरचं उरलेलं कापड तू आईकडून मागून नेलं होतंस, ते पाठव. वीतभर पुरे. आणि मुलांचे लहान झालेले सुती फ्रॉक-शर्ट असतील तर तेही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचेल असं बघ, खळ वाळायला वेळ लागतो.

तुझी,
छोटी