नवशिक्याची खिडकी

कोणतीही नवी विद्या शिकतांना मनुष्यास जो त्रास होतो, त्याचा फारच थोडा भाग त्या विद्येच्या कठीणपणाचा असतो. पुष्कळसा त्रास गुरूनें जें मनांत गृहीत धरलें आणि शिष्यास सांगितलें नाहीं, त्याचा असतो. अनेक वर्षें शाळेंत शिकविल्यावर आमचें हें मत झालें. आणि निवृत्तीनंतर संगणकापाशीं बसणाऱ्या नवशिक्यांकडे पाहून तें अधिकच दृढ झालें आहे. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें, आणि पुढील अध्ययन पाठशाळेंतील संस्कृताचें. तेव्हां संगणकाचे प्रोग्रॅम ह्या विषयावर आम्हीं लेखणी उचलावी हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु व्याकरण शिकलेल्या मनुष्यास ह्या प्रांतांत अगदींच परकें वाटत नाहीं, हें पुढील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

आमच्या गांवच्या वाचनालयांत सुमारें चार हजार पुस्तकें आहेत. त्यांची नोंदवही कसरीनें खाऊन टाकलेली. तरी आजवर कोणाचें अडलें नव्हतें; कारण कोणतें पुस्तक कोणत्या कपाटाच्या कोणत्या खणांत आहे, हें वृद्ध ग्रंथपालांस तोंडपाठ असे. २०२३ सालीं काचबिंदूनें त्यांची दृष्टि झपाट्यानें मंद होऊं लागली. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. त्यांना दिसत आहे तोंवरच एकेक पुस्तक त्यांच्या हाताखालून जाऊन त्याची नोंद झाली पाहिजे, हें सर्वांस कळून चुकलें.

ग्रंथालयांसाठीं तयार प्रणाली मिळत नाहींत असें नाहीं. न्यूझीलंडमध्यें तयार होऊन २००० सालीं वापरांत आलेली ‘कोहा’ ही प्रणाली तर विनामूल्य आहे. परंतु ती मांडावयास सर्व्हर उभारण्याची माहिती लागते, आणि वाचनालयापाशीं देणगीदाखल आलेला एक जुना संगणक काय तो होता. तेव्हां नोंदणीचा लहानसा प्रोग्रॅम लिहिण्याचें काम आमच्या सूनबाईनें अंगावर घेतलें. ती वाणिज्य शाखेची पदवीधर. मूल लहान म्हणून नोकरी सोडलेली. दुपारचे दोन तास मोकळे. शेजारचा एक कॉलेजांतील मुलगा आणि एक सेवानिवृत्त बँक-कारकून तिच्या जोडीला आले. जवळ बसून यंत्राचे निरोप मोठ्यानें वाचून दाखवावे आणि त्यांचा अर्थ लावावा, एवढें काम आम्हीं पत्करलें.

भाषा निवडली ती पायथन. हॉलंडमधील गिदो व्हान रॉसम ह्यांनीं ती १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. नांवावरून अजगराची आठवण होते. परंतु तें नांव एका ब्रिटिश विनोदी दूरदर्शन-मालिकेवरून घेतलेलें आहे. पडद्यावर खिडक्या, बटणें आणि मजकूर भरावयाच्या चौकटी मांडण्यासाठीं ह्या भाषेबरोबर ‘टीकेइंटर’ नांवाचा संच येतो. त्याच्या मुळाशीं असलेलें ‘टीके’ हें जॉन आउस्टरहाउट ह्यांनीं अमेरिकेंत बर्कली येथें प्राध्यापक असतां निर्माण केलें.

आरंभींच एक गंमत झाली. कॉलेजांतील मुलानें आपल्या पहिल्या फाइलीस मोठ्या प्रेमानें ‘टीकेइंटर’ हेंच नांव दिलें. यंत्र म्हणूं लागलें कीं, ह्या संचांत खिडकी नांवाची वस्तुच नाहीं! पायथन एकादा संच शोधतांना प्रथम चालू असलेल्या फाइलीच्याच फोल्डरांत पाहतें. तेथें त्या नांवाची फाइल सांपडतांच खऱ्या संचापर्यंत तें जातच नाहीं. फाइलीचें नांव बदलतांच तक्रार मिटली.

यानंतर खरा विषय आला. साधा प्रोग्रॅम हा पाककृतीसारखा असतो. अमुक करा, मग तमुक करा, संपलें. खिडकीचा प्रोग्रॅम तसा नसतो. तो पोस्टाच्या खिडकीमागें बसलेल्या कारकुनासारखा असतो. गिऱ्हाईक कोणत्या क्रमानें येईल, तिकीट मागेल कीं मनीऑर्डर करील, हें कारकुनाच्या हातीं नाहीं. त्यानें सर्व साहित्य मांडावें आणि वाट पाहत बसावें. ह्या वाट पाहण्यास टीकेइंटरमध्यें ‘मेनलूप’ म्हणतात. ही आज्ञा प्रोग्रॅमच्या शेवटीं लिहावयाची राहिली, कीं खिडकी क्षणभर चमकून नाहींशी होते, अथवा दिसतच नाहीं. कारकुनानें खिडकी उघडली आणि लगेच घरचा रस्ता धरला, असा तो प्रकार. नवशिक्यांच्या निम्म्याहून अधिक अडचणी ही एक उपमा ध्यानांत ठेवल्यानें सुटतात, असा आमचा अनुभव आहे.

दुसरी अडचण बटणाची. सूनबाईनें ‘जतन करा’ असें बटण केलें. प्रोग्रॅम सुरू होतांच, बटणास हातही न लावतां, एक कोरी नोंद जतन झाली; आणि पुढें बटण कितीही दाबलें तरी कांहींच होईना. येथें आमचें व्याकरण उपयोगी पडलें. ‘पठ्’ हा धातु आहे. ‘पठ’ ही आज्ञा आहे. धातु उच्चारल्यानें कोणी वाचावयास लागत नाहीं. पायथनमध्यें क्रियेचें नुसतें नांव हा धातु समजावा, आणि नांवापुढें कंस घातले कीं ती आज्ञा झाली. बटणास सांगावयाचें असतें, ‘तुला दाबलें म्हणजे ही क्रिया कर’. म्हणून तेथें धातु द्यावा लागतो. सूनबाईनें कंस घातले होते. तेव्हां क्रिया तेथल्या तेथें घडली, आणि तिच्यांतून कांहींच फळ परत न आल्यामुळें बटणाच्या हातीं ‘कांहीं नाहीं’ एवढेंच पडलें. दोन कंस पुसतांच बटण शहाण्यासारखें वागूं लागलें.

ह्या ‘कांहीं नाहीं’स पायथनमध्यें ‘नन’ असें नांव आहे, आणि तिसऱ्या अडचणींत तोच पुन्हां भेटतो. नवशिका एकाच ओळींत चौकट तयार करतो, ती खिडकींत बसवितो आणि त्या सर्वांस एक नांव देतो. पुढें त्या नांवानें चौकटींतील मजकूर मागितला कीं यंत्र उत्तर देतें, ‘ननपाशीं असा कांहीं गुण नाहीं.’ कारण बसविण्याची क्रिया कांहींच परत देत नाहीं, आणि नांव पडतें तें त्या रितेपणास. बारशाच्या गडबडींत नांव मुलास न ठेवतां पाळणा हलविण्याच्या क्रियेस ठेवावें, तसें हें होतें. चौकट एका ओळींत करावी आणि नांव द्यावें. दुसऱ्या ओळींत ती बसवावी. बसविण्याच्याही ‘पॅक’ आणि ‘ग्रिड’ अशा दोन मुख्य रीति आहेत. एका खिडकींत ह्या दोहोंची सरमिसळ करूं नये. एकाच पंगतीचीं पानें दोघांनीं आपापल्या मतानें मांडावयास घेतलीं, म्हणजे जें होईल तेंच येथेंही होतें.

चौथी अडचण बँक-कारकुनांस आली. सर्व नोंदींची प्रत काढण्याचें बटण त्यांनीं केलें. प्रतीचें काम चालू असतां कांहीं क्षण थांबावें म्हणून त्यांनीं ‘स्लीप’ ही झोपेची आज्ञा मध्यें घातली. बटण दाबतांच सारी खिडकी थिजली आणि वर ‘प्रतिसाद देत नाहीं’ असें झळकलें. खिडकीवरील कारकूनच जर आंत गोणी मोजावयास गेला, किंवा टेबलावर डोकें ठेवून निजला, तर गिऱ्हाइकाकडे पाहणार कोण? थोड्या वेळानें करावयाचें काम असेल तर ‘आफ्टर’ ही आज्ञा वापरावी. तिला वेळ सहस्रांश सेकंदांत सांगावा लागतो, म्हणजे एका सेकंदास १०००. लांबलचक काम असेल तर त्याचे तुकडे करावे, किंवा तें दुसऱ्या धाग्यावर, म्हणजे जणूं मदतनिसाकडे, सोंपवावें. मात्र मदतनिसानें खिडकीस हात लावूं नये; काम झाल्याचा निरोप तेवढा कारकुनाकडे ठेवावा.

मराठींत नोंदी घेणारांनीं आणखी तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. चौकटींत भरलेला आंकडा यंत्राच्या दृष्टीनें आंकडा नसतो, अक्षरें असतात. एका चौकटींत १२ आणि दुसरींत ५ लिहून त्यांची बेरीज मागितली, तर उत्तर १२५ येतें. आधीं त्यांचें संख्येंत रूपांतर करावें लागतें. आनंदाची गोष्ट अशी, कीं पायथनची ही रूपांतराची आज्ञा देवनागरी आंकडेही बिनतक्रार वाचते. दुसरी गोष्ट अक्षरमोजणीची. ‘क्षत्रिय’ हा शब्द आपल्या दृष्टीनें तीन अक्षरांचा. यंत्र तो आठ मोजतें, कारण त्याच्या हिशेबीं व्यंजन, हलन्त-चिन्ह आणि वेलांटी हीं सारीं निरनिराळीं असतात. वर्णविच्छेद शिकलेल्यास ह्याचें नवल वाटणार नाहीं; परंतु लांब नांव विसाव्या अक्षरावर तोडावयास गेलें तर तें जोडाक्षराच्या पोटांतच तुटण्याचा संभव असतो. तिसरी गोष्ट अशी, कीं यादी साध्या फाइलींत लिहितांना ‘यूटीएफ-८’ ही लेखनपद्धति स्पष्ट सांगावी. नाहींतर विंडोजवर पुष्कळदां मराठी मजकूर लिहिलाच जात नाहीं, किंवा त्याचीं भलतींच चिन्हें होतात.

ह्या सर्व अडचणींत सूनबाईचा धीर सुटला नव्हता. तो सुटला २०२४ च्या जानेवारींत. त्या दिवशीं ग्रंथपाल तीन तास बसले. एकेक पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन त्यांनीं ग्रंथकार, नांव, कपाट आणि खण सांगितला, आणि सूनबाईनें बासष्ट नोंदी केल्या. पडद्यावरील यादींत बासष्टही दिसत होत्या. दुसऱ्या दिवशीं प्रोग्रॅम उघडला, तों यादी कोरी!

“मामंजी, हें माझ्याच्यानें व्हावयाचें नाहीं,” ती म्हणाली. “त्यांचे डोळे शिणविले, आणि हातीं शून्य. कोणा जाणत्याला बोलवा.”

आम्हीं म्हटलें, “मुली, काल नोंदी दिसत होत्या ना? मग त्या कोठें तरी होत्या खऱ्या. कोठें होत्या, एवढेंच पाहूं.”

नोंदी ‘एस्क्यूलाइट’ नांवाच्या कोठारांत जात होत्या. रिचर्ड हिप ह्यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेलें हें कोठार पायथनबरोबरच येतें. त्यांत नोंद घातली कीं ती प्रथम तात्पुरती असते. चालू प्रोग्रॅमला ती दिसते. पण ‘कमिट’ ही आज्ञा दिल्यावांचून ती कायम होत नाहीं, आणि प्रोग्रॅम तसाच बंद झाला तर ती सोडून दिली जाते. हें ऐकतांच बँक-कारकून म्हणाले, “म्हणजे कच्च्या वहींत लिहिलें, पण खतावणी झाली नाहीं!” त्यांनींच पुढें कारणही उलगडून सांगितलें. एकाच्या खात्यांतून पैसे वजा झाले आणि दुसऱ्याच्या खात्यांत जमा होण्यापूर्वीं वीज गेली, तर काय करावयाचें? दोन्ही नोंदी व्हाव्या, किंवा एकही होऊं नये. त्यासाठीं ही सोय. ज्या नियमानें सूनबाई रडकुंडीस आली, तो नियम राखणदार होता; त्याची ओळख मात्र कोणी करून दिली नव्हती.

प्रोग्रॅममध्यें एक ओळ वाढली. ग्रंथपालांस हें सांगावयास सूनबाई स्वतः गेली. ते म्हणाले, “बाई, बरें झालें. काल तिसऱ्या कपाटाचे दोन खण मी उलटसुलट सांगितले होते; रात्रभर तेंच मनांत घोळत होतें. आज नीट सांगतों.” त्या दिवशीं पुन्हां बासष्ट नोंदी झाल्या, आणि प्रोग्रॅम बंद करून, उघडून, त्या मोजल्या गेल्या. त्या वर्षीं दसऱ्यापूर्वीं शेवटचें कपाट संपलें. आतां ग्रंथपालांस पुस्तकाच्या पाठीवरील अक्षरें दिसत नाहींत. परंतु वाचक येऊन नांव सांगतो, कोणीतरी तें चौकटींत लिहितें आणि कपाट-खण वाचून दाखवितें. आणि ते खुर्चींत बसल्या बसल्या मान डोलावतात. क्वचित् यंत्राच्या आधींच सांगून मोकळे होतात.

ज्या घरांत कोणी मुलगा, मुलगी, सून अथवा पेन्शनर ही विद्या नव्यानें शिकत असेल, त्यांच्यासाठीं थोडें सांगून हा लेख पुरा करतों. यंत्रानें तांबड्या अक्षरांत लांबलचक तक्रार केली, तर घाबरून ती पुसूं नये. तिची शेवटची ओळ आधीं वाचावी, कारण दोषाचें नांव तेथें असतें. तिच्या लगत वर दोष कोणत्या ओळींत घडला, तें सांपडतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि लगेच चालवून पाहावी. जें जतन झालें असें वाटतें, तें प्रोग्रॅम बंद करून पुन्हां उघडून तपासल्यावांचून जतन झालें असें मानूं नये. आणि घरांतील वडील माणसांनीं ‘तुला जमणार नाहीं’ असें म्हणण्यापूर्वीं शेजारीं बसून ती शेवटची ओळ मोठ्यानें वाचून दाखवावी. तेवढ्यास मॅट्रिकचें इंग्रजी पुरतें.