वैद्य पारखताना

॥ श्री ॥
सातारा

चि. सौ. ताईस,

तुझे सविस्तर पत्र पोचले. गणवेश अंगावर चढताच चिमीच्या पोटात कळ उठते, एक मोजा पायात आणि दुसरा मुठीत अशा अवस्थेत ती न्हाणीघराच्या दाराशी बसून राहते, आणि रविवारी मात्र हीच मुलगी दुपारपर्यंत अंगणात हुंदडते, हा जो तपशील तू दिला आहेस तो बालरोगचिकित्सेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्याला पुरेसा बोलका आहे. रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून मुलगी ढोंग करते असा निष्कर्ष जावईबापूंनी काढला असेल, तर तो त्यांनी कृपा करून मागे घ्यावा. भीतीने आतडी खरोखरच आवळतात. कळ खोटी नसते.

आता तुझा मुख्य प्रश्न, न्यावे कोणाकडे? मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यक शिकलेला डॉक्टर, त्याला औषध लिहून देण्याचा अधिकार. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, परंतु उपचाराची पद्धत शिकलेला असतो आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या दप्तरी असावी लागते. तो नोंदणी क्रमांक निःसंकोच विचारावा. खरा माणूस रागावत नाही. समुपदेशक म्हणून पाटी लावणाऱ्यांत उत्तम माणसे आहेत तशीच चार महिन्यांच्या अभ्यासक्रमावर दुकान थाटलेलीही आहेत, आणि पाटीवरून ती ओळखू येत नाहीत.

म्हणून माझी कसोटी निराळी आहे. पहिल्या भेटीत इतकेच विचार, की तुम्ही नेमके काय करणार? ‘तिचा आत्मविश्वास वाढवू, तिला मोकळे करू’ असे मोघम उत्तर मिळाले तर नमस्कार करून उठावे. ‘तिला कशाकशाची भीती वाटते याची चढत्या क्रमाने यादी करू, खालच्या पायरीपासून एकेक गोष्ट तिच्याकडून करवून घेऊ, आणि तुम्हा दोघांनाही कामाला लावू’ असे जो म्हणेल, त्याच्याकडे मुलगी निर्धास्त सोपवावी. ही पद्धत आजची नव्हे. मेरी कव्हर जोन्स या विदुषीने सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या बालकाची भीती, त्याचे आवडते खाणे पुढ्यात ठेवून आणि पिंजरा हळूहळू जवळ सरकवत घालवल्याचा वृत्तांत 1924 साली प्रसिद्ध झाला आहे. चिमीच्या बाबतीत ससा म्हणजे शाळा. रविवारी गणवेश घालून, दप्तराविना, बंद फाटकापर्यंत चालत जाणे; पुढे सायंकाळी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आपल्या बाकावर बसणे; मग चित्रकलेचा एकच तास; आणि प्रत्येक वेळी शून्य ते दहा यांमधला भीतीचा आकडा तिने स्वतःच्या हाताने वहीत लिहायचा, व तो उतरू लागेपर्यंत तिथून हलायचे नाही. फाटकावरून परत फिरले की तत्क्षणी हायसे वाटते, आणि परत फिरलो म्हणूनच वाचलो अशी मनाची खात्री पटते. भीतीचे सारे बळ या हायसे वाटण्यात आहे.

तुझाही यात वाटा आहे, हे मामाच्या नात्याने सांगतो. ती शाळेत जाते त्या दिवशी तू व्हरांड्यात शिपायाच्या बाकावर मधल्या सुट्टीपर्यंत बसून असतेस, बाईंच्या फोनवरून ती वारंवार तुझा आवाज ऐकते, आणि रात्री तिच्या खोलीत तिचे वडील निजतात. हा सारा बंदोबस्त प्रेमाचा खरा, पण तो भीतीच्याच सेवेत रुजू झालेला आहे. येल विद्यापीठातील एली लेबोवित्झ यांनी हा बंदोबस्त क्रमाक्रमाने कसा काढून घ्यावा हे केवळ आईबापांनाच शिकवले, मुलांवर थेट उपचार केलाच नाही, आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मुले थेट उपचार घेणाऱ्यांइतकीच सुधारलेली दिसली. तेव्हा चिमीने दवाखान्याची पायरी चढण्यास साफ नकार दिला तरी तुम्हा उभयतांना जाता येते.

औषधाविषयी सासूबाईंना धास्ती वाटणे साहजिक आहे. 2008 साली अमेरिकेत 7 ते 17 वयाच्या 488 मुलांवर झालेल्या अभ्यासात बारा आठवड्यांअंती भीतीला पायरीपायरीने सामोरे जाण्याच्या पद्धतीने सुमारे 60 टक्के, सर्ट्रालिन या औषधाने 55 टक्के, आणि दोन्ही मिळून 81 टक्के मुले स्पष्टपणे सुधारली. औषध नसलेल्या पोकळ गोळीवर 24 टक्के. म्हणजे भीती तीव्र असेल तेव्हा औषध नाकारण्यात शहाणपण नाही. मात्र पहिले काही आठवडे मुलीच्या वागण्यावर बारीक नजर हवी, कारण अशा औषधांनी अल्पवयीनांत आत्मघाताचे विचार वाढू शकतात असा इशारा अमेरिकन सरकारने 2004 पासून सक्तीचा केला आहे. आणि गोळी परस्पर बंद करायची नाही. नुसती झोपेची गोळी देऊन वाटेला लावणारा भेटला, तर दुसरा शोधावा. सासूबाईंना मीठमोहऱ्या ओवाळू देत, त्याने कोणाचे बिघडत नाही. देवऋषाकडे मात्र नेऊ देऊ नकोस.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात चौकशी करावी. ‘टेलिमानस’ची 14416 ही सरकारी दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे, अहोरात्र चालते आणि मराठीतही बोलते. जगणे नको असे काही तिच्या तोंडून निघाले, तर वेळ ठरण्याची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.

उरली शाळा. मुख्याध्यापिकांना भेटून, उपचार चालू असेतो चिमीला दिवसातून थोडा वेळ तरी वर्गात बसू द्यावे अशी लेखी विनंती करावी. घरी बसवून शिकवण्याचा जो बेत तू पत्राच्या शेवटी लिहिला आहेस तो मला मुळीच मान्य नाही. या आठवड्यात भेटीची वेळ मागून घे, आणि काही झाले तरी शाळा सोडल्याचा दाखला काढू नकोस.

तुझा,
मामा