पाहुणे येईपर्यंत

व्याख्यानांच्या कार्यक्रमपत्रिकेतील एक ओळ आता आमच्या चांगलीच परिचयाची झाली आहे. वक्त्याचे नाव ठळक अक्षरांत, त्याखाली विषय, त्याखाली अध्यक्ष, आणि अगदी तळाशी बारीक टाइपात ‘प्रारंभी स्थानिक कलावंतांचे गायन’. या कलावंतांस नाव नसते आणि गायनास वेळ नसते. ‘प्रारंभी’ याचा खरा अर्थ ‘पाहुणे येईपर्यंत’ असा आहे, हे बोलावणारे जाणतात आणि गाणारेही जाणतात. आम्हीही तो जाणत होतो. इतकेच नव्हे, तर एकदा तो आम्ही स्वहस्ते अमलात आणला.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. अमळनेरजवळच्या एका गावी तरुणांस स्फूर्ती मिळावी म्हणून व्याख्यानांचा मेळावा भरला होता व व्यासपीठाची व्यवस्था आमच्याकडे होती. प्रारंभी वहीगायन ठेविले होते. वही हा खानदेशातील जुना प्रकार. डफाच्या तालावर देवादिकांची कथा लावावयाची, मुख्य गाणाऱ्याने ओळ टाकावयाची आणि मागच्यांनी ती उचलावयाची. शेतावरून परस्पर आलेली ती आठ-दहा माणसे मांडवामागे डफ शेकीत बसली होती. थंडीत कातडे सैल पडते. ऊब दिल्यावाचून ते बोलत नाही. जाळावयास कागद हवा होता म्हणून उरलेल्या कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा आम्हीच त्यांच्या हवाली केला. त्या पत्रिकांचा इतका उपयोग दुसरा कोणताही झाला नसेल.

वही लागली. कथा रंगात येत होती. मागच्या रांगांतील म्हातारी माणसे ओळ उचलू लागली होती, तोच फाटकापाशी मोटारीचा आवाज झाला. आम्ही धावतच व्यासपीठाच्या कडेला गेलो आणि हाताने ‘पुरे’ अशी खूण केली. गाणारा क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला, डफावरचा हात तसाच थांबला, आणि कथा जेथे होती तेथेच राहिली. पाहुणे आले, शाल-श्रीफळ झाले, आणि त्यांनी लोकसंस्कृतीच्या थोरवीवर सव्वा तास उत्तम भाषण केले. त्यांचा यात काडीचाही दोष नाही; आत काय चालले होते हे त्यांस ठाऊकही नव्हते.

निघताना मंडळींच्या हाती नारळ ठेवीत असता त्यांतील वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, “भाऊ, देवनं नाव अर्धामा सोडतस नही.” एवढे बोलून ते पायी निघून गेले. पाहुण्यांकरिता मात्र मोटार उभी होती.

त्या वाक्याने आम्हांस पुष्कळ दिवस स्वस्थता लाभू दिली नाही. ज्या अमळनेरात आम्ही लहानाचे मोठे झालो, तेथे हे घडावे याचेच वैषम्य अधिक. संत सखाराम महाराजांचे हे गाव. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरते, एकादशीस रथ निघतो, पौर्णिमेस पालखी. उपदेशाचे भाषण म्हणजे काय, हे आम्ही प्रथम येथल्या कीर्तनांत ऐकिले. कीर्तनकार अभंगाचे विवरण करीत करीत एका टोकास येतो आणि थांबतो. तोच मागचे टाळकरी चाल उचलतात, मृदंग चढतो. तेवढ्या अवकाशात कीर्तनकारास दम मिळतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात नुकतीच ऐकलेली गोष्ट मुरते. बोलणे संपल्यावर विरंगुळा म्हणून तेथे गाणे येत नाही. बोलण्याचा निम्मा भार तेच वाहते. टाळकऱ्यांस ‘बुवा येईपर्यंत गा’ असे कोणी सांगितले तर लोक त्यास वेड्यात काढतील! सत्यशोधकांच्या जलशांतही हेच होते. जे सांगावयाचे ते गाण्यातच सांगितलेले असे.

शिक्षितांच्या सभांनी मात्र दोघांची फारकत केली. अमळनेरच्या वाट्यास विद्वत्सभांचे भाग्य कमी आले असे नाही. येथे १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. प्रताप हायस्कुलात साने गुरुजींनी शिकविले. १९५२ साली कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले, आणि बहात्तर वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखाली सत्त्याण्णवावे. संमेलनाच्या ग्रंथदिंडीत टाळ आणि लेझीम पुढे असतात, भाषणे मागाहून. परंतु दिंडी मांडवाशी पोचली की टाळ पिशवीत जातात. सभांतून गाणे अजिबात नसते असे नव्हे. भाड्याचा वाद्यवृंद आणून कानठळ्या बसविणारेही आम्ही पाहिले आहेत. त्यापेक्षा शांतता बरी.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट येथेच सांगून टाकतो. व्यासपीठावरील ध्वनिक्षेपक एका वक्त्याच्या गळ्याच्या बेताने लाविलेला असतो. त्याच्यापुढे डफ वाजला की तो फुटका वाजतो आणि मागे ओळ उचलणारे ऐकूच येत नाहीत. मग श्रोते म्हणतात, गाणारे काही खास नव्हते. दोन ध्वनिक्षेपक अधिक आणि मागच्यांस एक पायरी उंच जागा, एवढ्याने हा सगळा दोष जातो.

पुढल्या वर्षी आम्ही त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी गेलो. क्षमा मागण्याचे शब्द तोंडातच राहिले. आम्ही एवढेच म्हणालो की या वेळी भाषणाच्या मध्यभागी एक आणि शेवटी एक अशा दोन वह्या हव्यात, आणि पाहुण्यांस तसे कळविले आहे. त्यांनी चहा मागविला. मंडळींची नावे पत्रिकेत घालावयाची म्हणून आम्ही कागद काढला, तेव्हा घरातली सारी माणसे जवळ येऊन बसली आणि कोणाचे नाव आधी यावे यावर बराच वाद झाला. शेवटी वृद्ध गृहस्थांनी विचारले, “मोटार मधमाच उनी तं?”

आम्ही सांगितले, मोटार फाटकाबाहेर थांबेल.